जुन्या कॅसेटी उतरवून घेताना
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी माझे नाव पुकारले तेव्हा वाटले, काही चूक झाली असावी. या व्यासपीठावर मी आजवर फक्त सतरंज्या घातल्या आहेत. शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यात यंत्रावर बोलायचे म्हटल्यावर आमच्या घरी हशाच पिकला. पण चार-पाच जणींनी मला एकच प्रश्न केला होता, "लग्नाची व्हिडिओ कॅसेट कशी गं उतरवून घेतलीस?" म्हणून जे केले तेवढे सांगते.

माझे लग्न २००१ साली झाले. त्याची कॅसेट माळ्यावरच्या ट्रंकेत होती. माझी आई २००९ मध्ये गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज कोठेच नाही. बोलते-चालते टिपणारे फोन तेव्हा आपल्या घरात नव्हते. विहिणींच्या पंगतीत तिने आग्रहावरून नाव घेतले होते, ते त्या एका फितीत होते. जपानात व्हीएचएस १९७६ मध्ये निघाली आणि तेथल्याच फुनाई कंपनीने २०१६ मध्ये ती वाजविण्याची यंत्रे करणे थांबविले. म्हणजे आता जुन्या यंत्रांवरच भिस्त. आमच्या वन्संबाईंकडे एक निघाले.

आता माझी चूक सांगते. आधी लेकीच्या बारशाची कॅसेट लावली. तिच्या खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसत होते. मला वाटले, धूळ असेल. ती बुरशी होती. ही फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकी भुकटीचा लेप. आपल्या दमट हवेत तिला बुरशी धरते आणि तशीच लावली तर यंत्रातही पसरते. चित्र गेले, फीत आत गुंडाळली आणि चुरगळली. पाळण्याचा भाग गेला तो गेलाच. लेक काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते. कारागिराकडून यंत्र साफ करून घेईपर्यंत मी लग्नाच्या कॅसेटीला हात लावला नाही.

मग उतरवून घेण्याचे साधन निवडण्याचा प्रश्न आला. पहिल्यांदा दुकानदाराने एक लहानशी डबी गळ्यात मारली. यंत्राच्या मागच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरी तिला जोडायच्या. चित्र नव्या टीव्हीवर दिसू लागले, पण साठत काहीच नव्हते! ती डबी फक्त दाखविते, टिपून ठेवीत नाही. तेव्हा घेताना "यात रेकॉर्ड होते का?" हे आधी विचारा.

टिपून ठेवणारी साधने मी दोन पाहिली. एकाला छोटा पडदा असतो व ते कार्डावर साठविते. संगणक लागत नाही. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना ते सोयीचे. शेजारच्या काकूंचे मी लावून पाहिले, पण जुन्या फितीचे चित्र जरा थरथरले की ते थांबे आणि तुकडे पडत. दुसरी यूएसबीची कांडी. ती संगणकाला लावायची. माझा ओढा हिच्याकडेच. स्वस्त कांडीसोबत चकती येते आणि आजच्या संगणकात चकतीला जागाच नसते. शिवाय काही कांड्या जुन्याच विंडोजवर चालतात. आपल्या संगणकावर चालते ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. मी भिशीचे पैसे घातले होते, म्हणून दोनदा विचारले.

कांडी लावली तर चित्र काळे-पांढरे आणि सरकणारे! माझ्या पोटात गोळा आला. भाचा म्हणाला, "मामी, घाबरू नका, हे अमेरिकेच्या पद्धतीवर आहे." आपल्याकडची पद्धत पाल, ६२५ रेषांची आणि सेकंदाला २५ चित्रांची, अमेरिकेची एनटीएससी निराळी. त्याने पाल निवडले आणि माझा हिरवा शालू हिरवा झाला.

घाई मात्र चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. वर्षानुवर्षे पडून असलेली फीत आधी एकदा पुढे-मागे फिरवून घ्यावी. उतरलेली प्रत दोन ठिकाणी ठेवावी. माझी एक घरी आहे, एक बहिणीकडे.

पंगत आली तेव्हा मी कुकरखालचा गॅस बंद केला. आईचे अर्धे नाव वाढप्यांच्या गलबल्यात बुडाले आहे. पण शेवटी ती वडिलांचे नाव घेऊन हसते, ते स्पष्ट आहे. वडिलांना कमी ऐकू येते; त्यांच्या कानाला भाच्याने यंत्र लावले. त्यांनी तेवढेच चार वेळा ऐकले आणि म्हणाले, "चहा टाक."

वन्संबाईंचे यंत्र अजून माझ्याकडेच आहे. दुपारी दोननंतर मी घरी असते. कॅसेट आणाल ती उजेडात नीट पाहून आणा. ठिपके दिसले तर लावू नका, तशीच घेऊन या.