परक्या देशातील नेमणूक आणि पगाराचा न्याय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा इतिहास असे विषय शोभून दिसतात. पगारासारखा रुक्ष विषय कार्यकारिणीने माझ्याकडे का सोपविला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. आपल्यासारख्या मंडळांची पहिली पिढी रेल्वे, टपाल-तार, बँका, संरक्षण खाते यांच्या बदल्यांमुळे महाराष्ट्राबाहेर आली. त्या पिढीचा पगार सरकारी वेतनश्रेणीत छापलेला असे. त्याविषयी वाद घालण्याचे कारण नव्हते. आज त्याच घरातील मुलगी शेजारच्या खोलीत बसून समुद्रापलीकडच्या कंपनीचे काम करते. तिचा पगार कोणी, कोणत्या मापाने ठरविला, हे तिला ठाऊक नसते आणि आईवडिलांनाही नसते. जेवणाच्या पानावर मात्र प्रश्न निघतोच : "याच कामाला तिकडच्या माणसाला तिप्पट मिळतात, मग आपली फसवणूक होते आहे काय?"

हा प्रश्न थोड्यांचा राहिलेला नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली बंगळूरला आपले केंद्र काढले, तेव्हा ते नवल होते. २०२४ च्या सुमारास परदेशी कंपन्यांची अशी १,७०० हून अधिक केंद्रे भारतात होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसे काम करीत होती. तेव्हा या प्रश्नाचा शांतपणे विचार करू.

परक्या देशात माणूस नेमताना तीन निरनिराळे आकडे समोर येतात. बहुतेक गैरसमज या तिन्हींची गल्लत केल्यामुळे होतात.

पहिला आकडा चलनाच्या विनिमय दराचा. दुसरा राहणीखर्चाचा, म्हणजे त्या पैशात त्या गावी काय विकत मिळते याचा. आणि तिसरा, त्या गावात त्याच कामाला इतर मालक काय देतात याचा.

पहिल्या दोहोंतील अंतर किती मोठे असते ते पाहा. निरनिराळ्या देशांतील किमतींची तुलना करणारा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम १९६८ पासून चालू आहे. त्याच्या हिशेबानुसार २०१७ साली बाजारात एका डॉलरला ६५.१२ रुपये पडत होते; परंतु अमेरिकेत एका डॉलरला जे मिळे ते भारतात सरासरीने २०.६५ रुपयांत मिळत होते. म्हणजे अमेरिकेतील एक लाख डॉलरचा वार्षिक पगार विनिमय दराने ६५ लाख १२ हजार रुपये होतो, तर क्रयशक्तीने २० लाख ६५ हजार. एकाच पगाराची ही दोन रूपे. त्यांत तिपटीहून अधिक फरक. "तिकडे तिप्पट मिळतात" या तक्रारीतील बराचसा भाग या एका हिशेबात विरघळतो.

बराचसा म्हणालो, सगळा नव्हे. क्रयशक्तीचा आकडा साऱ्या अर्थव्यवस्थेची सरासरी असतो. भाजी, घरकामाची मदत, रिक्षाचे भाडे या गोष्टी आपल्याकडे स्वस्त आहेत. परंतु संगणक, विमानाचे तिकीट, मुलाचे परदेशी शिक्षण यांच्या किमती आपला पगार पाहून कमी होत नाहीत. ज्या कुटुंबाच्या खर्चात अशा वस्तूंचा वाटा मोठा, त्याला सरासरीचा दिलासा अपुरा पडतो. म्हणून केवळ राहणीखर्चावरून पगार ठरविणाराही अर्धेच सत्य धरून बसतो.

प्रत्यक्षात पगार ठरतो तो मुख्यत्वे तिसऱ्या आकड्यावर. कंपनीला माणूस हवा असतो आणि त्या माणसापुढे त्याच गावातले इतर मालक उभे असतात. त्यांच्यापेक्षा कमी दिले तर चांगला माणूस येत नाही. आला तरी शिकून तयार होताच निघून जातो. स्पर्धेत टिकणारा पगार म्हणतात तो हाच.

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि पद्धतशीर विचार आंतरराष्ट्रीय संस्थांनी केलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याच्या कचेरीत अनेक देशांचे अधिकारी शेजारी शेजारी बसू लागले. त्यांना कोणत्या देशाच्या मापाने पगार द्यावा? १९२१ साली नोब्लमेर या फ्रेंच गृहस्थांच्या अध्यक्षतेखालील समितीने उत्तर दिले : ज्या देशाच्या सरकारी नोकरीत पगार सर्वांत अधिक, तेथील माणूसही यावा इतके वेतन असावे, आणि काम एकच असेल तर राष्ट्रीयत्व पाहून वेतनात भेद नसावा. त्या काळी तो देश ब्रिटन होता. पुढे संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी सेवेचे माप घेतले.

परंतु कचेरीतील कारकून, वाहनचालक, टंकलेखक यांचे काय? ते त्या त्या गावचेच रहिवासी. १९४९ साली फ्लेमिंग समितीने त्यांच्यासाठी वेगळे तत्त्व सांगितले : त्या गावात प्रचलित असलेल्या उत्तम सेवाशर्तींच्या तोडीचे वेतन असावे. पुढे त्याचा अर्थ असा स्पष्ट करण्यात आला की, वेतन उत्तमांपैकी असावे, मात्र सर्वांवर कडी करणारे नसावे. या साऱ्यावर देखरेख करण्यासाठी १९७४ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग नेमला.

या दोन तत्त्वांत आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. आधी विचारायचे ते हे, की हा माणूस कोणत्या बाजारातला? जो आज येथे, उद्या तेथे असा देशोदेशी फिरणार आहे, त्याची तुलना देशोदेशीच्या अधिकाऱ्यांशी करावी लागते. जो आपल्या गावी राहून काम करणार आहे, त्याची तुलना गावातील उत्तम मालकांशी.

आपल्यातील सरकारी नोकरांना हे तत्त्व नवे वाटू नये. केंद्र सरकारच्या एकाच पदाचे मूळ वेतन शिलाँगला आणि चेन्नईला सारखेच असते. फरक पडतो तो भत्त्यांत. २०१७ साली घरभाडे भत्त्याचे जे दर लागू झाले, त्यांत पन्नास लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना मूळ वेतनाच्या २४ टक्के, पाच लाखांवरील शहरांना १६ टक्के आणि लहान गावांना ८ टक्के असे प्रमाण होते. संयुक्त राष्ट्रेही फिरत्या अधिकाऱ्यांच्या मूळ वेतनावर न्यूयॉर्क हा पाया धरून त्या त्या ठिकाणच्या महागाईचा भत्ता देतात. मूळ वेतन कामाचे, भत्ता ठिकाणाचा, ही विभागणी ध्यानात ठेवली की पुष्कळ कटुता टळते.

आता कोणी विचारील, उदार मालकाने गावातल्या सर्वांपेक्षा दुप्पट पगार दिला तर बिघडले कोठे? बिघडते. २००१ नंतर काबूलमध्ये परदेशी मदत संस्था मोठ्या संख्येने आल्या. त्यांच्याकडे दुभाषी किंवा वाहनचालक होणाऱ्याला सरकारी शिक्षकाच्या वा अभियंत्याच्या कितीतरी पट पगार मिळू लागला. शिकलेली माणसे सरकारी खाती सोडून तिकडे गेली. ज्या देशाची घडी बसवायची, त्याच्याच कचेऱ्या ओस पडू लागल्या. आणि अशी परदेशी संस्था गाशा गुंडाळते तेव्हा त्या दुभाष्याला तेवढा पगार देणारा दुसरा कोणी गावात उरत नाही. फ्लेमिंग तत्त्वातील 'कडी करणारे नसावे' या अटीचा अर्थ अशा वेळी उमगतो.

पगार ठरविण्याची रीत कशी असावी, हे थोडक्यात सांगतो. श्रोत्यांपैकी काही स्वतः माणसे नेमणारे आहेत.

पहिली गोष्ट, तुलना हुद्द्याच्या नावाची करू नये, कामाची करावी. एका देशातला 'मॅनेजर' पन्नास माणसांवर देखरेख करतो, तर दुसऱ्या देशातल्या 'मॅनेजर'च्या हाताखाली कोणीच नसते. कर्तव्ये, जबाबदारी आणि लागणारा अनुभव लिहून काढून मगच बाजारभाव विचारावा.

दुसरी, एकाच मालकाचे ऐकू नये. अनेक मालकांचे आकडे उतरत्या क्रमाने मांडले की मधोमध येणारा आकडा सरासरीपेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. एखाद्याच्या भरमसाट पगाराने तो फुगत नाही. त्या मध्याच्या किती वर राहायचे, ते आपल्या गरजेवरून ठरवावे.

तिसरी, मासिक आकड्यावर जाऊ नये. फिलिपाइन्समध्ये १९७५ च्या हुकुमापासून आणि ब्राझीलमध्ये १९६२ च्या कायद्यापासून वर्षाला तेरावा पगार द्यावा लागतो. सिंगापुरात पंचावन्न वर्षांपर्यंतच्या नोकराचे २० टक्के व मालकाचे १७ टक्के असे सक्तीच्या निधीत जातात. मात्र ते नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरतेच. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीचे प्रमाण दोन्ही बाजूंनी सर्वसाधारणपणे १२ टक्के. म्हणजे कागदावर सारखे दिसणारे दोन पगार मालकाच्या तिजोरीतून सारखे जात नाहीत आणि नोकराच्या हातीही सारखे पडत नाहीत.

चौथी, चलन. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४.७६ रुपयांचा डॉलर एका रात्रीत ७.५० रुपयांचा झाला, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. श्रीलंकेत २०२२ च्या मार्च ते मे या काळात डॉलर सुमारे २०० श्रीलंकन रुपयांवरून ३६० च्या घरात गेला. ज्यांचे पगार स्थानिक रुपयांत होते, त्यांची परवड झाली; ज्यांचे डॉलरशी बांधलेले होते, ते तरले. म्हणून पगार कोणत्या चलनात ठरला आणि दर कोसळल्यास फेरविचार केव्हा व्हायचा, हे करारातच लिहिलेले असावे.

पाचवी, कायदा. माणूस ज्या भूमीवर बसून काम करतो, तेथील किमान वेतन, रजा, सेवासमाप्तीचे नियम यांना सामान्यतः बगल देता येत नाही. मालकाची कचेरी सातासमुद्रापलीकडे असली तरीही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : फसवणूक होते काय? दोन देशांत एकाच कामाचे पगार निरनिराळे असणे, एवढ्यावरून तिला अन्याय म्हणता येणार नाही. परंतु एकाच कचेरीत, एकाच कामाला, एकाला त्याचा पासपोर्ट पाहून अधिक आणि दुसऱ्याला कमी, हा निश्चित अन्याय आहे. परदेशातून पाठविलेल्या माणसाला घर, मुलांची शाळा, प्रवास यांचे भत्ते द्यावेत. त्याने घर सोडलेले आहे. मूळ वेतन मात्र कामाचेच असावे. स्त्री म्हणून कमी देणे हा तर त्याहून उघड अन्याय. समान मोलाच्या कामाला समान वेतन देण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा करार भारताने १९५८ सालीच मान्य केला. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला आणि पुढे ते तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले. मालक परदेशी आहे म्हणून येथे हे तत्त्व गळून पडत नाही.

तरुण मित्रांना एवढेच सांगेन. परदेशी मालकाचे पत्र आले की डॉलरला रुपयाने गुणून हुरळून जाऊ नका, आणि तिकडच्या पगाराशी ताडून खंतही करू नका. आपल्या शहरात याच कामाला उत्तम मालक काय देतात ते विचारा. निधी, विमा, रजा, कर यांचा हिशेब मांडा. तुम्हाला नोकर म्हणून घेत आहेत की कंत्राटदार म्हणून, हे नीट वाचा. कंत्राटदाराला निधीही नाही आणि भरपगारी रजाही नाही. आणि वेतनवाढ कोणत्या मापाने होणार, हे पहिल्याच दिवशी नम्रपणे, पण स्पष्ट विचारा. आपल्या घरांत पैशाविषयी बोलणे अप्रशस्त मानण्याची रीत आहे. या संकोचाची किंमत बहुधा मुलीच अधिक मोजतात, म्हणून पालकांनी तो आधी सोडावा.

आपले वडील बदलीच्या हुकुमाने घर सोडून दूर आले. त्यांच्या पगाराची काळजी वेतनश्रेणी घेत होती. आपली मुले घर न सोडता दूरदेशी कामाला जातात. त्यांची काळजी घेणारी छापील श्रेणी कोठेच नाही. ती उणीव माहितीने भरून काढावी लागेल, आणि ती माहिती एकमेकांना देण्यासाठी आपल्या मंडळासारखी दुसरी जागा नाही. मंडळात या क्षेत्रातले अनेक जाणकार सभासद आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ त्यांनी नव्या मुलामुलींना हे करार समजावून सांगावेत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो.