बालशिक्षिका: मान आणि मानधन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बालशिक्षणावर चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा मुलांना कसे वाढवावे हे आम्ही सांगू अशी आपली अपेक्षा असणार. परंतु त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज मुलांविषयी नव्हे, तर त्यांना शिकविणाऱ्या बाईविषयी बोलणार आहोत. ही बाई आपल्याकडील असो, जर्मनीतील असो वा स्वीडनमधील, तिचे गाऱ्हाणे थोड्याफार फरकाने एकच आहे. तिच्या कामाची थोरवी सर्वजण गातात. मात्र ते काम एक विद्या आहे, एक व्यवसाय आहे, असे मानून त्याचे मोल ठरविण्याची वेळ आली की हात आखडतात.

या गाऱ्हाण्याचे मूळ जुने आहे. १८४० साली जर्मनीत फ्रोबेलने ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले आणि या कामासाठी स्त्रियांना रीतसर शिक्षण द्यावे असा आग्रह धरला. परंतु स्त्री ही जात्याच माता, म्हणून हे काम तिला साजते, हेही त्याच विचाराचे दुसरे अंग होते. घोटाळा झाला तो येथे. जे जात्याच येते त्याला वेतन कशाला, असे लोकांनी मनाशी ठरवून टाकले! त्याच जर्मनीत २०१५ च्या मे महिन्यात बालवाड्यांतील शिक्षिका कित्येक आठवडे संपावर गेल्या. केवळ चार पैसे अधिक मिळावेत एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. आपल्या कामाची प्रत वरची धरून वेतनश्रेणी ठरवावी, अशी त्यांची मागणी होती. तडजोडीअंती पदरात पडले ते मागितल्याहून पुष्कळच थोडे.

स्वीडनने अधिक शहाणपणा दाखविला. तेथे १९९६ साली बालवाड्या समाजकल्याण खात्याकडून शिक्षणखात्याकडे आल्या, १९९८ साली त्यांना अभ्यासक्रम मिळाला आणि २०११ पासून बालशिक्षिकेस इतर शिक्षकांप्रमाणेच सरकारी अधिकृत प्रमाणपत्र मिळू लागले. तरीही तिच्या शेजारी त्याच वर्गात राबणाऱ्या साहाय्यक बाईला ते प्रमाणपत्र नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना बरोबर घेऊन जे कार्य केले, ते आपणांस ठाऊकच आहे. मूल शाळेत येत नाही, तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. मात्र तेथे काम करणारी बाई शिक्षिका झाली नाही, ‘सेविका’ झाली. आणि तिला वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळू लागले. या शब्दात मानही आहे आणि धनही आहे. परंतु व्यवहारात एकाचे नाव सांगून दुसरे कमी द्यावयाचे, एवढाच त्याचा उपयोग झालेला दिसतो. २०१८ साली केंद्राने आपल्या हिशेबातील मानधन दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले; राज्ये त्यात आपली भर घालतात. एवढ्यात तिने मुलांची वजने घ्यावयाची, आहार द्यावयाचा, घरोघरी फिरावयाचे, नोंदी मोबाइलवर भरावयाच्या, आणि वेळ उरल्यास शिकवावयाचे.

ही बाई सरकारी पदावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे मान्य केले. सोळा वर्षांत एवढी मजल झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचे आणि इतरांस वर्षाचे प्रशिक्षण सांगितले आहे. प्रशिक्षण अवश्य हवे. परंतु ते पुरे झाल्यावर तिचे पद आणि वेतन तेच राहणार असेल, तर तो आणखी एक भार होय. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी १९६६ सालीच शिक्षकांविषयीच्या शिफारशीत बालवाडीच्या शिक्षिकेला शिक्षकांत गणले आहे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे खरे.

सरकारला बोल लावणे सोपे आहे. परंतु आपल्या नातवंडांच्या खासगी बालवर्गाची फी आपण बिनतक्रार भरतो. त्यातून बाईंच्या हाती किती पडते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? मुलगी इंजिनिअर झाली की या व्यासपीठावर तिचा गुणगौरव होतो, आणि तो व्हावाच. बालशिक्षणाची पदविका घेतलेल्या मुलीचे नाव त्या यादीत आलेले आमच्या तरी स्मरणात नाही. लग्नाच्या बोलणीत तर ‘घरबसल्या वेळ जावा म्हणून मुलांना शिकवते’ असे तिची आईच सांगते!

आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीत व्यवसायाचा एक रकाना आहे. वीस-वीस वर्षे बालवाडी चालविणाऱ्या भगिनींच्या नावापुढे त्यात ‘गृहिणी’ असे छापलेले आहे. सूचीची नवी आवृत्ती निघेल तेव्हा तेथे ‘बालशिक्षिका’ असे छापावे आणि पुढील वर्षापासून गुणगौरवाच्या यादीत त्यांच्यासाठी जागा ठेवावी, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे.