अळीतली प्रथिने मोजताना

खाण्याजोग्या अळ्यांविषयी बोलताना प्रथिनांचा मोठा आकडा सांगितला जातो. तो तपासून घ्यायला हवा. पिठात वाढणारी मीलवर्म ही अळी घ्या: बोटाच्या पेराएवढी, पिवळसर, कडक चकचकीत सालीची. प्रयोगशाळेत सहसा प्रथिने थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. मांसाच्या बाबतीत हे चालून जाते. अळीच्या सालीत मात्र कायटिन असते. ती शर्करेची साखळी, तरीही तिच्यात नत्र असतो, आणि तोही प्रथिनांच्या खात्यात जमा होतो. म्हणूनच नेदरलँड्समधल्या वॅखनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये अशा अळ्यांसाठी 4.76 हा गुणक सुचवला. जुन्या हिशेबाने शंभर ग्रॅम सुक्या अळीत 60 ग्रॅम प्रथिने दिसत असतील, तर नव्या हिशेबाने ती सुमारे 46 ग्रॅमच भरतात.

मग अळी पौष्टिक नाहीच, असे कुणी म्हणेल. तेही बरोबर नाही. 46 ग्रॅम म्हणजे तेवढ्याच कोरड्या तूरडाळीच्या जवळपास दुप्पट, शिवाय ओलिक आणि लिनोलिक आम्ल असलेली चरबी. कायटिन फारसे पचत नाही, ते चोथ्यासारखे काम करते. माझ्या मते खरा आक्षेप वेगळाच आहे. अळीच्या स्नायूंतले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबीतल्या ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनाशी मिळतेजुळते असते. युरोपीय संघाने 2021 मध्ये सुकी मीलवर्म विकायला परवानगी दिली, ती वेष्टनावर ॲलर्जीची सूचना छापण्याच्या अटीवर. कोळंबी, खेकडा सोसत नसेल, तर ही अळी खाऊ नका.