पक्क्या परवान्याआधी चौकातली सेवा



शिकाऊ परवाना मिळाला की पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं. नियमच आहे तसा. हे दिवस क्लच, गिअर, रिव्हर्स आणि दुचाकीचा आठचा आकडा गिरवण्यात जातात. याच महिन्यात प्रत्येक शिकाऊ चालकानं आठवड्यातून दोन तास चौकात वाहतूक पोलिसांच्या हाताखाली सेवा करावी आणि ती पुरी झाल्याशिवाय त्याला चाचणीची तारीख मिळू नये, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. सिग्नलवरचे आकडे उतरत असतात. पाच, चार, तीन... आणि तीनलाच दुचाक्या झेब्रा पट्ट्यांवरून पुढे सुटतात. नेमकी तेव्हाच भाजीची पिशवी घेतलेली एखादी आजी रस्त्याच्या मध्यावर असते. तिला पुढेही जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही. दुचाकीवरच्या मुलाची नजर आकड्यावर, त्याला ती दिसतच नाही. पण तोच मुलगा तिला रस्ता ओलांडून द्यायला शेजारी उभा असेल, तर तिनं घाबरून धरलेला दंड त्याला गाडीवर बसल्यावरही आठवेल.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतला जवळजवळ दर पाचवा माणूस पायी चालणारा होता.

शाळेत आरएसपीच्या, म्हणजे रस्ता सुरक्षा दलाच्या, गणवेशात मुलं पायी चालणाऱ्यांना जपणं थोडंफार शिकतात. गाडी हाती येते त्या वयात मात्र सगळं सुटलेलं असतं. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात समाजसेवेची तरतूद आली, पण ती नियम मोडल्यानंतरची. अपघात घडायच्या आधी ती का नको?

पोरांच्या जिवाची काळजी रास्तच आहे. म्हणून त्यांना भर रस्त्यात उभं करू नये. अंगात चमकपट्ट्यांचं जाकीट, जागा पदपथाच्या कडेला आणि काम पादचाऱ्यांना ओलांडून देण्याचं, एवढंच. गाडी अडवणं, दंड करणं, चालकाशी हुज्जत घालणं हे त्यांचं काम नव्हे. रोजंदारीवरच्या मुलांना रविवारची पाळी द्यावी.

खरी भीती वेगळीच आहे. पैसे मोजून दाखला मिळवण्याची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. तेव्हा हजेरीची नोंद त्या चौकातल्या हवालदारानं तिथेच, पाळी संपताना करावी आणि ती थेट आरटीओकडे जावी. मुलाच्या हाती कागद देऊच नये.