लेकरू सांगतंय, आधी ऐकूया
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचतीचा आणि कर्जाचा हिशोब झाला. आता दहा मिनिटं एका अवघड विषयाला द्या. लेकराशी कुणी वाईट वागलं, तर ते उठून पोलिसाकडे जात नाही. सांगितलंच तर आईला, आजीला, शेजारच्या काकूला सांगतं. म्हणजे आपल्यालाच. आणि आपण काय करतो? घाबरून प्रश्नांचा भडिमार करतो. "कोण होता? तोच ना? कुठं हात लावला? खोटं तर बोलत नाहीस?"

इथंच घोळ होतो. लहान मूल पुष्कळदा मोठ्यांना हवं ते उत्तर देतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला, की त्याला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं, आणि ते उत्तर बदलतं. पुढे कोर्टात समोरचा वकील म्हणतो, "हे पढवलेलं आहे." मग खरं बोलणारं लेकरूही खोटं ठरतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९८३ साली मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर आरोप झाले. मुलांना पुन्हा पुन्हा, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले गेले. प्रकरण १९९० पर्यंत चाललं आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. अशा प्रकरणांनंतर मुलांशी कसं बोलायचं यावर खूप अभ्यास झाला, त्याचं खास प्रशिक्षण सुरू झालं.

त्या प्रशिक्षणात काय शिकवतात? आधी शाळा, खेळ, सण यांवर गप्पा मारायच्या. मुलाला सांगायचं, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. माझं चुकलं तर मला सांग." मग मोकळा प्रश्न: "काय झालं ते सगळं सांग." पुढे फक्त "मग काय झालं?" उत्तर आपण सुचवायचं नाही. आणि बरं का, एकदा शिकून हे अंगवळणी पडत नाही. शिकलेल्यांच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग जाणकार लोक तपासतात, चुका दाखवतात, तेव्हा कुठे हात बसतो.

आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या ठिकाणी घ्यायचा. शक्यतो महिला पोलीस उपनिरीक्षकांनी, आणि वर्दी न घालता. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत हवं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. कोर्टात त्याला वारंवार बोलवायचं नाही. बालकल्याण समितीकडून आधार देणारी व्यक्तीही मिळू शकते. हे सगळं हक्काचं आहे, तायांनो. कुणी टाळत असेल तर मागून घ्या.

मग आपलं काम काय? चौकशी करणं आपलं काम नाही, ते शिकलेल्या माणसांचं आहे. आपण एवढंच करायचं:

१. शांतपणे ऐका. "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा.
२. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही.
३. लेकराचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. आपले शब्द घालू नका.
४. घटना नुकतीच घडली असेल तर तपासणीआधी अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका.
५. १०९८ किंवा ११२ ला फोन करा, नाहीतर पोलीस ठाण्यात जा. कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.
६. गावात बसून मिटवामिटवी नको. लेकराचं नाव गटातसुद्धा घ्यायचं नाही.

"घराण्याची अब्रू जाईल" असं कुणीतरी म्हणेलच. अब्रू जायची तर ती गुन्हा करणाऱ्याची. लेकराने काय गमावायचं?

पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाने बैठकीत ही सहा कलमं वाचून दाखवावीत, आणि १०९८ हा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.