कर उतरला, पट्टीवर काय पडले?
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज मला विषय दिला आहे, 'जीएसटी कमी झाल्याने शेतकऱ्याचे भले झाले का?' ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. सरकारने त्याला 'बचत उत्सव' म्हटले. विरोधक म्हणाले, आठ वर्षे जास्त घेतले, आता उत्सव कसला करता? दोन्हीकडून भाषणे जोरात झाली. पण बांधावर बसून हिशेब कोणी मांडला नाही. तो आपण मांडू. शेतकऱ्याला वजाबाकी चांगली येते, सवय नाही ती बेरजेची.

आधी जे खरे आहे ते खरे म्हणू. ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. त्याचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ वर आले. ठिबक, तुषार, फवारणीचा हातपंप १२ वरून ५. सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि ट्रायकोडर्मा, निंबोळीयुक्त औषधे अशी काही जैविक औषधेही १२ वरून ५. साडेसहा लाखांचा ट्रॅक्टर चाळीस-एक्केचाळीस हजारांनी उतरतो. ही रक्कम थोडी नाही. घरातला साबण, तेल, बिस्किटे १८ वरून ५ वर आली. मजुरी करणाऱ्या बाईच्या मिळकतीतला मोठा भाग अशाच वस्तूंवर जातो, म्हणून हा कर तिलाच जास्त बोचत होता. तेव्हा 'कर कमी करून काही होत नाही' असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही.

आता द्राक्षबागेत चला. घटस्थापनेच्या सुमारास निफाड-दिंडोरीत गोडी छाटणी सुरू होते आणि छाटणीनंतर केवडा, भुरी यांच्यामागे पंप घेऊन धावणे सुरू होते. बागाईतदाराचा पैसा ट्रॅक्टर खातो पंधरा वर्षांतून एकदा, औषध खाते दर हंगामात. त्या रासायनिक औषधांवरचा कर किती उतरला? काहीच नाही. १८ टक्के होता, त्या बैठकीनंतरही १८ टक्केच राहिला. खतावरचा ५ टक्के तोही तसाच. समजा हंगामात औषधाचे बिल एक लाख झाले, तर त्यात १५ हजार २५४ रुपये कराचे आहेत. तीन हंगामांत हा कर ट्रॅक्टरवरची सगळी बचत गिळून पुढे जातो.

एखादा म्हणेल, कर तर कारखानदारही भरतो. भरतो, पण परत घेतो. कच्च्या मालावर भरलेल्या कराची त्याला वजावट मिळते. शेतकऱ्याचा माल करमुक्त, शेतकरी नोंदणीच्या बाहेर, म्हणून त्याला वजावट नाही. करमुक्त म्हटले की आपण टाळ्या वाजवतो. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरच्या बैठकीत खुलासा झाला की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही. चांगले झाले, नोटिशींची भीती गेली. पण त्या बेदाण्याच्या मागे औषधावर भरलेला कर बागेतच गाडला गेला, तो कोणी उकरून दिला नाही.

आणखी गंमत पाहा. निर्यातदार द्राक्षे परदेशी पाठवतो, तेव्हा खोक्यावर, पॅकिंगवर त्याने भरलेला जीएसटी सरकार त्याला परत देते. निर्यातीवर देशातला कर लादू नये, हे तत्त्व बरोबर आहे. पण त्याच खोक्यातल्या घडावर ज्याने फवारणी केली, त्याचा १८ टक्के परत येत नाही. खोक्याचा कर परत, द्राक्षाचा नाही!

बरे, जिथे कर उतरला तिथे तो आपल्यापर्यंत पोचतो का? १५ नोव्हेंबर २०१७ ला हॉटेलवरचा कर १८ वरून ५ झाला, पण सोबत हॉटेलवाल्याची वजावट काढून घेतली. अनेकांनी दरपत्रकावरचे भाव वाढवले आणि जेवणारा जवळपास होता तिथेच राहिला. पन्हळी खोक्यावरचा कर १२ वरून ५ आणला, पण ज्या क्राफ्ट कागदाचे ते खोके बनते तो १२ वरून १८ वर नेला. खोकेवाल्याचे भांडवल कराच्या परताव्यात अडकते, आणि ते व्याज तो कोणाकडून वसूल करणार हे निफाडच्या माणसाला सांगायला नको.

जीएसटीच्या कायद्यात १७१ वे कलम आहे. दर उतरला की किंमत उतरवलीच पाहिजे, असे ते म्हणते. त्यासाठी २०१७ साली नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमले होते. ते काम इकडून तिकडे फिरत गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून त्याखाली नव्या तक्रारी घेणेच बंद झाले. म्हणजे एप्रिलमध्ये चौकीला कुलूप, सप्टेंबरमध्ये करकपात. मग ग्राहकाला सांगितले, १९१५ वर फोन करा.

आणि फोन करणार कोण? ज्याच्या हातात पक्के बिल आहे तो. आपल्यातले निम्मे लोक औषध उधारीवर घेतात. कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहिलेला असतो, त्यात कर किती, माल किती, व्याज किती, कळायला मार्ग नाही. उधारीवाल्याला भाव विचारायचा अधिकार नसतो, हे दुकानदारालाही ठाऊक असते. मी दुकानदाराला शिव्या देत नाही. बँक वेळेवर उभी करत नाही म्हणून आपण त्याच्या दारात जातो. पण दिल्लीत कमी झालेला कर त्या चिठ्ठीपर्यंत येता येता वाटेतच जिरतो.

आता कांद्याकडे येतो, कारण खरा हिशेब तिथे आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसवले. लासलगाव-पिंपळगावचे लिलाव बंद पडले, ते तुम्ही पाहिले आहेत. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदीच आली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला शुल्क २० टक्के झाले, १ एप्रिल २०२५ ला शून्य.

ढोबळ हिशेब करा. समजा बंदरावर परदेशी गिऱ्हाईक २८ रुपये किलो द्यायला तयार आहे. ४० टक्के शुल्क वजा केले की व्यापाऱ्याच्या हाती २० उरतात. त्यातून भाडे, आडत, घट, मग आपली पट्टी. परदेशी माणूस शुल्काचा बोजा स्वतः घेईल म्हणावे, तर त्याच्यापुढे पाकिस्तानचा आणि इजिप्तचाही कांदा आहे. म्हणजे किलोला आठ रुपये बहुतेक आपल्याच अंगावर. शंभर क्विंटलला ऐंशी हजार. ट्रॅक्टरवर वाचलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट, एका चाळीत, एका हंगामात.

साबण स्वस्त केला तो सरकारने आपल्या तिजोरीतून. महसूल सचिवांनी ४८ हजार कोटींचा अंदाज सांगितला होता. राज्यांनी भरपाई मागितली, तिजोरीची चिंता झाली, तज्ज्ञांनी लेख लिहिले. कांदा स्वस्त केला तो कोणाच्या तिजोरीतून? चांदवड-येवल्याच्या चाळीतून. त्या वेळी कोणी भरपाईचा तक्ता मांडला नाही.

मग मागायचे काय? आणखी दोन टक्के कमी करा, अशी भीक नको. आयर्लंडमध्ये करनोंदणी नसलेला शेतकरी माल विकतो तेव्हा सरकारने ठरवलेली टक्केवारी त्याला किमतीवर जास्त मिळते, आणि घेणारा नोंदलेला व्यापारी ती आपल्या करातून वळती करतो. शेतकऱ्याने निविष्ठांवर भरलेला कर असा त्याच्या पट्टीवर परत येतो. फॉर्म नाही, विवरणपत्र नाही. आपल्याकडे बाजार समितीची पट्टी आहेच, तिच्यात एक ओळ वाढवायची आहे. दुसरे, रासायनिक औषधे १८ वरून ५ वर आणा, केवडा काही चैनीची वस्तू नाही. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर केंद्र आणि राज्य दोघे वेगळा कर घेतात. ते आत आणा. आणि कांद्यावर पुन्हा शुल्क लावायचे झाले, तर त्याच दिवशी त्याची भरपाई जाहीर करा.

हे मागायला पुरावा लागेल. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीची आणि नंतरची बिले आणा: ठिबकच्या नळ्या, खोकी, सूक्ष्म अन्नद्रव्ये, ट्रॅक्टरचे सुटे भाग. बिल नसेल तर बाटलीवरची छापील किंमत आणि उत्पादनाची तारीख वहीत उतरवून आणा, आणि दुकानदाराने प्रत्यक्षात किती घेतले ते शेजारी लिहा.