कॅप निघते ती नंतर

लॅबमधून आलेले तंत्रज्ञ मित्र आणि रविवार सोडून आलेल्या दंतवैद्य भगिनी-बंधूंनो,

आउटर रिंग रोडच्या गर्दीतून बेळ्ळंदुरात वेळेवर पोचलात, तेव्हा तुमची चिकाटी सिद्धच झाली. आता सिमेंटच्या चिकाटीबद्दल बोलू.

बेळ्ळंदूर म्हटलं की लोकांना आठवतो तो फेसाळलेला तलाव. २०१५ आणि २०१७ मध्ये त्याला आगही लागली. तो फेस सांडपाण्यातल्या डिटर्जंटचा. डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तेलाशी. झिर्कोनियाची कॅप चिकटवताना आपल्या कामाला येणारा एमडीपी हा रेणूही असाच दोन टोकांचा. त्याचं फॉस्फेटचं टोक झिर्कोनियाला धरतं, दुसरं रेझिनमध्ये गुंफलं जातं.

त्याची गरज का पडली? लिथियम डायसिलिकेटच्या कॅपमध्ये काच असते. हायड्रोफ्लोरिक आम्लाने ती कोरली, वर सिलेन लावलं, की झालं. झिर्कोनियात काचच नाही, त्यामुळे ती युक्ती इथे चालत नाही. मग अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांनी सँडब्लास्टिंग करायचं. पहिल्या दिवशी पकड छान दिसते. गोम पुढेच आहे. केर्न आणि वेग्नर यांनी १९९८ मध्ये छापलेल्या अभ्यासात नमुने १५० दिवस पाण्यात ठेवले आणि ३७,५०० वेळा थंड-गरम केले. सँडब्लास्ट करून साध्या बिस-जीएमए रेझिनने चिकटवलेले नमुने आपोआप सुटले. एमडीपीसारखा फॉस्फेट मोनोमर असलेलं रेझिन टिकलं. पाण्यात न ठेवता काढलेल्या बॉन्डच्या आकड्यांवर, खरं सांगायचं तर, माझा फारसा विश्वास नाही.

पण एमडीपी असलेला नुसता महागडा प्रायमर आणून भागत नाही. लाळेतही फॉस्फेट असतं. ट्राय-इनच्या वेळी लाळ कॅपच्या आत लागली, की एमडीपीने धरायच्या जागा ते आधीच अडवून बसतं. त्यावर फॉस्फोरिक आम्ल फिरवणं म्हणजे आणखी फॉस्फेट ओतणं, आणि सवयीने आपल्यातले बरेच जण नेमकं तेच करतात. म्हणून आधी ट्राय-इन, मग सँडब्लास्टिंग किंवा झिर्कोनियासाठीची क्लीनिंग पेस्ट, आणि त्यानंतर प्रायमर. दाताकडे भरपूर उंची आणि नीट आकार असेल तर साधं सिमेंटही चालतं, उगीच सोपस्कार नकोत. आखूड दाढ किंवा एका पंखाचा पूल असेल, तर मात्र सारी भिस्त बॉन्डवर.

वक्त्यांना एक विनंती. सिमेंट केल्या दिवसाचा चकचकीत फोटो नको, पाच वर्षांनी परत आलेला पेशंट दाखवा. कॅप निघाली असेल तर तिची आतली बाजू दाखवा. सगळं सिमेंट दातावर राहिलं आणि कॅप आतून स्वच्छ असेल, तर चूक झिर्कोनियाच्या बाजूला झाली. अशी स्लाइड दाखवायला लाज वाटते हे मी जाणतो, पण आजची परिषद तिच्यासाठीच आहे.

उद्घाटनानंतर लगेच पहिलं सत्र सुरू होईल. लॅबवाल्यांसाठी पुढच्या दोन रांगा राखल्या आहेत. कृपया मागे बसू नका. सँडब्लास्टिंग तुम्ही किती बारला करता, हे आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.